परक्या पुराणकथा आणि नववीचा लेखन-प्रकल्प

नववीच्या वर्गाकडून वर्षाकाठी एक दीर्घ ललित लेख लिहवून घ्यावा, आणि त्यासाठी जगातील निरनिराळ्या लोकांच्या पुराणकथांचा आधार द्यावा, असा उपक्रम आम्ही आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी सुरू केला. कल्पना उत्तम होती; अजूनही आहे. तथापि त्यासाठी विषय कसा निवडावा या प्रश्नाचा आम्ही पहिल्या वर्षी पाच मिनिटेही विचार केला नव्हता, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. फळ्यावर दहा नावे लिहिली, मुलांनी त्यांतून एकेक उचलले, आणि महिन्याभराने वह्यांचा गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडला.

गठ्ठा वाचताना मन खट्टू झाले. ज्यांनी अग्नी चोरून आणणारा प्रॉमिथिअस घेतला होता, त्यांनी त्याला हुतात्मा ठरवले होते. ज्यांनी मेणाच्या पंखांनी उडणारा इकॅरस घेतला होता, त्यांनी अतिमहत्त्वाकांक्षा वाईट असते हे चार पानांत सिद्ध केले होते. पँडोरेची कथा घेणाऱ्यांनी तर शेवटी आशेवर एकेक व्याख्यानच जोडले होते. भाषा शुद्ध होती, अक्षर सुवाच्य होते; परंतु एकाची वही दुसऱ्याच्या नावावर घातली असती तर खुद्द लेखकासही ते कळले नसते. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना विषय म्हणून ज्या कथा दिल्या होत्या त्यांचे तात्पर्य आधीच ठरून गेलेले होते. तात्पर्य हाती आलेल्या मुलाला लिहावयाचे असे काही उरत नाही. उरते ते केवळ वाढवणे.

पँडोरेच्या कथेपाशी क्षणभर थांबू. ती 'पेटी' उघडते असे सर्व मुलांनी लिहिले होते, आणि आम्हीही ते तसेच शिकवले होते. वस्तुतः ज्या हेसिअडच्या ग्रीक काव्यात ही कथा येते, तेथे पेटी नाहीच. तेथे आहे तो 'पिथॉस', म्हणजे धान्य, तेल किंवा मद्य साठवण्याचा पुरुषभर उंचीचाही असू शकेल असा मातीचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये कथा सांगताना त्या जागी डबीचा वाचक शब्द घातला, आणि तेव्हापासून साऱ्या युरोपात आणि त्यांच्यामार्फत आपल्याकडे पेटी रूढ झाली. हा केवळ पांडित्याचा भाग नव्हे. 'पेटी' म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे चित्रातली नक्षीदार संदूक येते. 'रांजण' म्हटले की आजोळच्या घराचा अंधारा कोपरा येतो, झाकण सरकवताना होणारा घासण्याचा आवाज येतो, आत वाकून पाहताना तोंडावर येणारा गारवा येतो. कथेच्या मुळाकडे एक पाऊल गेल्याबरोबर आम्हांस परका शब्द मिळण्याऐवजी घरचाच शब्द मिळाला, याचे आम्हांस तेव्हा नवल वाटले. पुढील वर्षाच्या निवडीस हेच निमित्त झाले.

येथे कोणी विचारील, की मग परदेशी कथांच्या नादी लागावे तरी कशास? रामायण-महाभारत आपल्या हाताशी आहे, आणि मराठी लेखकांनी त्यातील उपेक्षित पात्रांस वाचा फोडून मोठे साहित्य निर्माण केले आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची. 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' दोन्ही १९६७ सालची. आक्षेप योग्य आहे, पण त्यातच त्याचे उत्तरही आहे. आमच्या वर्गात कर्णावर लेख लिहावयास सांगितला तर निम्म्या वह्यांतून 'मृत्युंजय'मधला कर्ण बोलू लागतो. हरदासांचे, पाठ्यपुस्तकांचे, दूरदर्शनवरील मालिकांचे असे इतके तयार शब्द त्या कथांभोवती साचले आहेत, की चौदा वर्षांच्या मुलास स्वतःचे वाक्य त्यातून बाहेर काढणे अशक्यप्राय होते. सुमेर-अक्कडच्या किंवा माया लोकांच्या कथेसाठी मराठीत असे एकही तयार वाक्य नाही. तेथे मुलाला शब्द शोधावाच लागतो. आणि तो शोधण्यास त्याच्यापाशी स्वतःच्या घराखेरीज दुसरी जागा नसते. आमच्यासारख्या सीमाभागातील शाळेत, जेथे मुलांची मराठी घराच्या उंबरठ्याच्या आत अधिक आणि बाहेर कमी नांदते, तेथे या गोष्टीचे मोल आम्ही विशेष मानतो. त्या घरगुती मराठीला शाळेच्या वहीत जागा मिळाली नाही, तर ती दुसरीकडे कोठे लिहिली जाणार?

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही कथांची यादी न देता प्रसंगांची दिली. कथा नव्हे, प्रसंग. एवढा एकच बदल. प्रसंग असा पाहावयाचा, की ज्यात एखादी व्यक्ती काही काम करीत आहे, आणि त्या कामाचे पुढे काय झाले याविषयी मूळ ग्रंथ गप्प आहे.

यातील ज्या प्रसंगाने आम्हांस सर्वांत अधिक शिकवले, तो गिल्गमेशच्या काव्यातील आहे. हे काव्य अक्कडी भाषेत, मातीच्या विटांवर कीलाक्षरांत लिहिलेले. त्याच्या प्रमाण संहितेचे बारा भाग. इराकमधील निनेव्हे येथे अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहाच्या अवशेषांत त्याचे तुकडे सापडले, आणि जॉर्ज स्मिथ या विद्वानाने त्यातील प्रलयाचा भाग ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमधील एका सभेत वाचून दाखवला तेव्हा मोठी खळबळ उडाली. प्रलय म्हटला की आपल्यालाही मनूचा मासा आठवतो, आणि हमखास तुलनात्मक निबंध सुरू होतो. आम्ही मुलांना प्रलय दिला नाही. दिला तो त्यानंतरचा, सहसा कोणाच्या लक्षात न येणारा भाग.

मित्र एन्किडू मरण पावल्यावर गिल्गमेश मृत्यूच्या भयाने रानोमाळ भटकतो, आणि प्रलयातून वाचून अमर झालेल्या उता-नपिश्तिमकडे जाऊन पोहोचतो. मला अमर कर, म्हणतो. वृद्ध त्यास सांगतो, मरण जिंकणे राहू दे, आधी सहा दिवस आणि सात रात्री झोप जिंकून दाखव. गिल्गमेश बसतो आणि बसताक्षणी झोपी जातो. वृद्धाच्या पत्नीस दया येते; याला उठवा, घरी जाऊ द्या, असे ती म्हणते. पण वृद्ध माणसांस ओळखून आहे. जागा झाल्यावर हा मुळी झोपलोच नव्हतो म्हणेल, असे सांगून तो पत्नीस रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवावयास आणि भिंतीवर दिवसाची खूण करावयास सांगतो. सातव्या दिवशी गिल्गमेश जागा होतो आणि खरोखरीच तसे म्हणतो. मग त्याला भाकरी मोजून दाखवल्या जातात. पहिली वाळून कडक झालेली, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथी पांढुरकी पडलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी, आणि सातवी अजून निखाऱ्यावर. हजारो वर्षांपूर्वीच्या कवीने काळाचे असे माप योजावे याचे आम्हांस अजूनही आश्चर्य वाटते. त्या पत्नीचे नाव मात्र काव्यात नाही.

मूळ शब्दासाठी 'पाव' म्हणावे, 'रोटी' की 'भाकरी', यावर वर्गात बराच खल झाला. त्या देशात सातूचे पीठ पुष्कळ वापरात होते. त्यामुळे भाकरी हा शब्द आम्हांस सर्वांत जवळचा वाटला. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की आपल्या हॉटेलांतील 'तंदूर' या शब्दाचे मूळ अक्कडी 'तिनूरु' या भट्टीच्या नावापर्यंत जाऊन पोहोचते.

एका विद्यार्थिनीने हा प्रसंग घेतला. तिला पहिलीच शंका अशी आली, की पहिली भाकरी वाळते हे ठीक, पण तिसरी ओलसर कशी? तिने घरी फडताळात रोज एक याप्रमाणे ज्वारीच्या भाकऱ्या ठेवावयास आरंभ केला. तिसऱ्या दिवशी आजीने पाहिले आणि अन्नाचा असा खेळ करू नये म्हणून चांगलीच खरडपट्टी काढली. प्रयोग तेथेच संपला. लेखाची सुरुवात मात्र त्या बोलण्यातून झाली. तिच्या लेखातील वृद्ध स्त्री पतीची आज्ञा म्हणून भाकरी करते, पण कोणी खाणार नाही हे ठाऊक असताना पीठ मळावयाचे तिच्या जिवावर येते. ती काटवटीत पीठ घेते, थापते, पाण्याचा हात फिरवते, आच लागू देते, आणि फुगलेली भाकरी झोपलेल्या माणसाच्या उशाशी नेऊन ठेवते. दुसऱ्या दिवशी ती वातड झालेली पाहून आणखी एक. भिंतीवर तिसरी रेघ ओढताना तिच्या ध्यानात येते, की अमर झाल्यापासून आपण दिवस मोजलेलेच नाहीत. पाहुणा निघून जातो. शिळ्या भाकऱ्या कुस्करून ती पाण्याच्या काठावर पाखरांना टाकते, आणि भिंतीवरच्या रेघा मात्र पुसत नाही.

आता आमची चूक. 'काटवट' या शब्दाखाली आम्ही लाल रेघ मारली, समासात 'इराकात काटवट कोठून?' असा शेरा दिला, आणि गुण कापले. लेख गिल्गमेशविषयी नाही, असेही शेवटी लिहिले. गुणपत्रके रवाना झाली. पुढे सुट्टीत तेच गठ्ठे चाळताना दुसऱ्या एका वहीत उरुकच्या राजाचे 'रत्नजडित सिंहासन' आणि 'सुवर्णपात्र' आढळले. त्याखाली आम्ही रेघ मारलेली नव्हती. वास्तविक ती दोन्ही काव्यातील नव्हेत, आमच्याच नाटक-सिनेमांतून उचललेली. म्हणजे दुसऱ्याने वापरलेला नकली दागिना आम्हांस चालला, आणि घरातले खरे लाकडी भांडे चालले नाही. गुण वाढवण्याची मुदत टळून गेली होती. शाळा उघडल्यावर आम्ही त्या मुलीस बोलावून आमची चूक सांगितली. ती गुणांविषयी काही बोलली नाही. "सर, त्या सात भाकऱ्यांचं पुढं काय झालं, ते त्या काव्यात कुठंच नाही ना?" एवढेच तिने विचारले. नाही, असे आम्ही सांगितले, तेव्हा तिला बरे वाटलेले दिसले.

या प्रकाराने आमच्या मनात एक मर्यादा मात्र निश्चित झाली. काम तेच असेल तर त्या कामाचा घरचा शब्द वापरण्याचा मुलास अधिकार आहे. मळणे, थापणे, भाजणे ही कामे कोणत्याही देशातली असोत. पण ज्या गोष्टीमागे आपला आचार किंवा श्रद्धा आहे ती तेथे नेऊन ठेवू नये. उता-नपिश्तिमच्या दारात तुळशीवृंदावन आले की कथा मोडली. तसेच 'हा म्हणजे त्यांचा इंद्रच' हे वाक्य आम्ही वर्गात सक्त मना केले आहे. झ्यूसला इंद्र म्हटले की झ्यूसविषयी विचार करावयाचे काम संपते, आणि बिचाऱ्या इंद्रासही काही लाभ होत नाही.

दुसरा प्रसंग ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या 'पोपोल वूह' या ग्रंथातील. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेझ या धर्मोपदेशकाने चिचिकास्तेनांगो येथे किचे भाषेतील संहितेची जी नक्कल करून स्पॅनिश भाषांतरासह ठेवली, ती आज शिकागो येथील न्यूबेरी ग्रंथालयात आहे. देवांनी प्रथम मातीची माणसे केली, ती विरघळली. मग लाकडाची केली, त्यांना अंतःकरण नव्हते. शेवटी मक्याची केली, ते आपण. यातील सृष्टीची कथा मोठी आहे, पण आम्ही फक्त लाकडी माणसांचा अंत घेतला. त्या दिवशी त्यांची भांडी, तवे, पाटे आणि कुत्री त्यांच्यावर उठतात. पाटा म्हणतो, रोज आमच्यावर घासत होता, आता आम्ही तुम्हांस वाटतो. कुत्री म्हणतात, आम्हांला उपाशी ठेवून मारलेत, आता आमचे दात पाहा. घरातील मुक्या वस्तूंना ज्या दिवशी तोंड फुटेल त्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरातून काय ऐकू येईल, या एका प्रश्नावर वर्ग असा काही रंगला की तास संपल्याची घंटा कोणास ऐकू आली नाही. एका मुलाने पाट्यास टाकी लावणाऱ्या बाईविषयी लिहिले. ती आता वर्षानुवर्षे येत नाही, म्हणून पाट्याची तक्रार अशी की मला कोणी वापरीतच नाही. मूळ कथेस हे उलटे आहे. आम्ही ते चालवून घेतले, आणि चालवून घेतले यात चूक केली असे आम्हांस वाटत नाही.

मात्र या कथेबरोबर एक जबाबदारी येते. गिल्गमेशचे देव आज कोणी पूजीत नाही. किचे लोक आजही लाखोंच्या संख्येने आहेत, त्यांची भाषा बोलली जाते, आणि हा ग्रंथ त्यांना आपला वाटतो. आपल्या संतांविषयी परदेशी शाळेत कोणी मनास येईल ते लिहिले तर आपल्यास कसे वाटेल, एवढा विचार मुलांपुढे ठेवला की पुरते. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांत काही कथा ठराविक व्यक्तींनीच सांगावयाच्या असतात. अशा कथा आम्ही यादीत घेत नाही. घेण्यासारख्या इतर पुष्कळ आहेत.

सर्वच निवडी साधल्या असे नाही. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसोनने तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या कथांत बाल्डरचा वध आहे. आई फ्रिग जगातील सर्व वस्तूंकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. फक्त मिसलटो नावाच्या बांडगुळाकडून घेत नाही, कारण ते तिला अगदीच कोवळे वाटते. मग देव गंमत म्हणून बाल्डरवर शस्त्रे फेकीत असतात, आणि कपटी लोकी त्याच्या आंधळ्या भावाच्या, होडरच्या, हाती त्याच बांडगुळाची काडी देतो. होडरचा तो हात, फेकण्याआधीचा तो क्षण, लिहिण्याजोगा होता यात शंका नाही. तरीही चारही मुलांनी त्याचा न्यायालयातील खटला केला: आरोपी, वकील, साक्षीदार, निकाल. चूक पुन्हा आमचीच. आम्ही प्रसंग सांगतानाच 'होडर दोषी की निर्दोष?' असा प्रश्न विचारून बसलो होतो. प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे देता आले की लेखाचा वादविवाद होतो.

ऑर्फिअस आणि युरिडिसी यांची कथाही आम्ही एकदा देऊन पाहिली. तिच्याबरोबर ७१२ सालच्या 'कोजिकी' या जपानी ग्रंथातील इझानागी-इझानामीची कथा ठेवली. दोन्हींत पती मृत पत्नीस आणावयास जातो आणि पाहू नये तेव्हा पाहतो. जोडीला आपली सावित्री आणि रुरू-प्रमद्वरा आहेतच. वर्गात चर्चा बहारीची झाली, वह्यांत तक्ते आले. समान कथा शेजारी ठेवणे हे अभ्यासाच्या लेखास पोषक आहे, ललित लेखास नाही. ज्यास ललित लिहावयाचे आहे त्याने एकाच दालनात बसावे.

अध्यापकांच्या वाचनाविषयी दोन शब्द. मुलांसाठीच्या रंगीत संग्रहांतून प्रसंग निवडू नयेत. त्यांत भाकऱ्या गळालेल्या असतात आणि तात्पर्य राहिलेले असते. गिल्गमेशची इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. सँडर्स बाईंचे १९६० सालचे गद्य रूपांतर वाचावयास फार गोड आहे, पण त्यात निरनिराळ्या पाठांचे धागे एकत्र विणून कथा सलग केली आहे. अँड्र्यू जॉर्ज यांच्या १९९९ सालच्या भाषांतरात वीट जेथे फुटली आहे तेथे जागा मोकळी सोडलेली दिसते. आम्ही वर्गात मुद्दाम हे दुसरे पान दाखवतो. जगातील एवढे मोठे काव्य अजून पुरे सापडलेले नाही ही गोष्ट मुलांना फार आवडते. इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने २०११ साली मिळवलेल्या एका विटेमुळे देवदारांच्या वनाच्या वर्णनात माकडांचा आणि पाखरांचा कलकलाट भरला, आणि ते वन तोडून उजाड केल्याची बोच एन्किडूच्या तोंडी आली. त्याच्या आधी छापलेल्या प्रतींत हे नाही.

यंदाच्या यादीत आम्ही पाचच प्रसंग ठेवले आहेत. भाकऱ्यांचा आहे, पाट्यांचा आहे, पँडोरेचा रांजण आहे. खटला होऊ न देण्याच्या बेताने होडरही परत आणला आहे. पाचवा उर्शनबी नावाड्याचा. गिल्गमेशला पलीकडे नेऊन सोडले म्हणून उता-नपिश्तिम या नावाड्यावर रागावतो, आणि यापुढे हा धक्का तुला पारखा झाला असे सांगून त्याला कायमचे घालवून देतो. उपजीविका गेलेला तो माणूस गिल्गमेशबरोबर चालत उरुकला येतो. वाटेत गिल्गमेशची संजीवनी वनस्पती साप पळवतो तेव्हा तो शेजारीच असतो. आणि शेवटी वेशीपाशी गिल्गमेश त्याला नगराचा तट दाखवतो. काव्य तेथे थांबते. नदी सोडून आलेला नावाडी त्या विटांच्या शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, हे कोणी लिहिलेले नाही. लेखाची मर्यादा सहा पाने, मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. आणि तपासताना लाल शाईऐवजी शिसपेन्सिल वापरावयाची, असे आम्ही मराठीच्या तिन्ही अध्यापकांनी मिळून ठरवले आहे.